राजेसाहेबांचा विडा

आमच्या गावात राजा आहे, असं मी कॉलेजात सांगितलं की मैत्रिणी हसायच्या. हसू द्या. तुमसर तालुक्यातल्या आमच्या गावात तो आजही आहे. सिमेंटच्या बंगल्यात राहतो, गुडघेदुखीच्या गोळ्या घेतो आणि गाव त्याला राजेसाहेब म्हणतं. त्याच्या आजोबांकडे मालगुजारी, म्हणजे गावाची आणि तलावांची जमीनदारी होती. ती माझ्या बाबांच्या जन्माआधीच गेली, तलाव सरकारजमा झाले. पण तलावात मासे धरून जन्म काढणाऱ्या आम्हा ढिवरांना हे कोणी समजावून सांगितलं नाही. ज्याला पक्कं ठाऊक होतं, तो तोंडात मूग धरून बसला.

का नाही बसणार? दर साली पाणी उतरलं, की जाळं टाकायच्या आधी बाबा अनवाणी बंगल्यावर जायचे, हुकूम मागायला. राजेसाहेब पानाचा विडा द्यायचे. तो घेऊन बाबा आले की मगच जाळं पाण्यात. पहिली मरळ पळसाच्या पानात गुंडाळून बंगल्यावर जायची. हा मान आमच्याच घराकडे होता. लहानपणी मलाही त्याचा ताठा होता, खोटं कशाला बोलू.

आता मी भंडाऱ्याला शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. पोरांना शिकवता शिकवता माझेच डोळे उघडले. बाबांना म्हटलं, तलाव सरकारचा आहे, आपल्या लोकांची सोसायटी करा, मासेमारीच्या ठेक्याचा अर्ज भरा, नाहीतर दुसरंच कोणी उचलून नेईल. तर बाबा हे विचारायलाही बंगल्यावरच गेले. परत आले ते खुशीत.

"राजेसाहेब म्हणाले, तलाव तुमचाच हाये, कागद कायले पायजे?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच उन्हाळ्यात ते माझ्याकडे राहायला आले होते. टीव्हीवर विलायतेच्या नव्या राजाला मुकुट चढवत होते. बाबांनी खुर्चीतून उठून हात जोडले. मी चिडले. म्हटलं, बाबा, हा राजा नुसता सही करतो, कारभार दुसरेच करतात. जपानच्या बादशहाचंही तेच. नेपाळनं तर आपला राजा घरी बसवला.

"मंग नेपाळचे लोक हुकूम कोणाले मागतात?" बाबांनी विचारलं.

"कोणालाच नाही."

त्यांना ते पटलं नाही. म्हणाले, "राजानं काई करा लागत नाही, माय. तो असला म्हणजे झालं." मला हसू आलं. म्हातारा बोलतो मोठं गोड, असं वाटलं. तेव्हाच भांडायला हवं होतं.

पुढच्या साली पाणी उतरलं. बाबा बंगल्यावर गेले, विडा घेऊन आले आणि सगळ्यांना घेऊन तलावावर पोचले. पाण्यात परक्या गावची माणसं जाळी ओढत होती. ठेका महिनाभर आधीच झाला होता. ज्या सोसायटीला तो मिळाला, ती राजेसाहेबांच्या मुलानं उभी केली होती. म्हणजे सकाळी बाबांच्या हातावर विडा ठेवताना त्या माणसाला सगळं माहीत होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. फोनवर हे ऐकून मी संतापले.

आम्ही हरकत घेतली. सुनावणी लागली. आमची बाजू एकाच गोष्टीवर उभी होती: या तलावात पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच मासे धरतो, आणि कोणाच्या मेहेरबानीनं नाही. वस्तीत सगळ्यांत वयस्कर बाबा. सांगायचं त्यांनीच. दोन दिवस मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. त्यांना तोंडपाठ झालं होतं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "आजोबा, आजवर जाळं कोणाला विचारून टाकत होता?"

समोरच्या खुर्चीत राजेसाहेब बसले होते, बाजूला मुलगा. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी मागून हळूच म्हटलं, बाबा. त्यांनी हात जोडले.

"राजेसाहेबांले. तलाव त्यायचाच हाये जी."

साहेबांनी ते लिहून घेतलं. राजेसाहेबांनी मान डोलावली, नेहमी विडा देताना डोलवायचे तशी.

बाहेर आल्यावर बाबा माझ्याजवळ आले. "बराबर सांगतलो ना, माय? तोंडावर नाही कसं म्हणू त्यायले?"

मी पुढे चालू लागले. राजेसाहेबांनी फसवलं, पण तो माणूस आमचा कधी नव्हताच. बाबा आमचे होते. हरकत फेटाळली गेली. आता आमचीच माणसं त्या तलावात परक्यांची जाळी ओढायला मजुरीनं जातात. वस्तीत बाबांशी कोणी बोलत नाही. मीही नाही.