किल्लीचं बटन

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या बाप्पा, पुढं तुम्हाले माझी दयाच येणार आहे. दया नको, चहा सांगा!

सदर बाजारातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं दुकान बंद केलं अन् त्याचा कॅमेरा मी उचलला. साधासुधा नाही हो! डिजिटल नवं-नवं होतं तेव्हाचा, पहिल्या-पहिल्या फुल फ्रेम प्रोफेशनल कॅमेऱ्यांपैकी. आतला सेन्सर जुन्या फिल्मएवढा मोठा. अंगानं अख्खी वीट. गळ्यात घातला की माणूस आपोआप वाकते, लोकायले वाटते पोरगा नम्र आहे. मागचा स्क्रीन मात्र काडेपेटीएवढा. अन् व्हिडिओ? नावच काढू नका.

आईनं विचारलं, “फुल फ्रेम म्हणजे काय रे? फ्रेम संगच भेटते काय?”

“तुले नाही समजणार, आई,” मी म्हणलं. मले तरी कुठं समजलं होतं!

बटनं इतकी, की मी अर्ध्यायले हातच लावला नाही. एका बटनावर किल्लीचं चित्र होतं. ते दाबलं की फोटो लॉक, चुकून डिलीट होत नाही. हे मी स्वतः शोधून काढलं. केवढा गर्व!

मग आमच्या रश्मीचा साखरपुडा ठरला, समता कॉलोनीत आमच्याच घरी. मी म्हणलं, “बाहेरचा फोटोग्राफर काहून पाहिजे? घरचा भाऊ आहे ना!”

बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या, मी फोटो काढून राहिलो. चांगला फोटो आला की किल्लीचं बटन. नुसतं दाबत नव्हतो, चांगलं दाबून धरत होतो. पक्कं लॉक झालं पाहिजे ना! अन् काम करताना माझं तोंड चालूच राहते. स्वतःशीच पुटपुटतो. कोण ऐकून राहिलं?

पुढच्या रविवारी नवरदेवाकडं, शंकर नगरले, आम्हाले जेवण होतं. नवरदेव नीलेशनं माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपले लावलं, लॅपटॉप टीव्हीले.

“भैया, सब एक साथ चला देता हूँ.” घरचे मराठी बोलतात, पण हा लहानपणापासून हिंदीतच बोलते.

पहिला फोटो नीलेशच्या बाबांचा. आम्ही काकाजी म्हणतो. रेल्वेतून रिटायर, मोठं धूड. फोटोत मिशीचा एकेक केस मोजून घ्या! काकाजी खूश. मी कॉलर ताठ केली.

टीव्ही काळा झाला. अन् आवाज आला, “पोट आत घे ना बाप्पा! एवढा मोठा सेन्सर, तरी मावून नाही राहिला!”

मी मागं वळून पाह्यलं, कोण बेशरम बोलून राहिलं?

“दादा,” रश्मी म्हणाली, “हा तुझा आवाज आहे.”

दुसरा फोटो, नीलेशच्या आत्याबाई. मागोमाग मी: “हिले बाजूले घ्या रे कोणी! हर फोटोत घुसते. हिचाच साखरपुडा आहे काय?”

नीलेश कॅमेरा उलटापालटा करून म्हणाला, “भैया, इसमें माइक है. चाबी वाला बटन देर तक दबाओ तो फोटो के साथ आवाज रिकॉर्ड होती है.”

मी झेप घेतली. “बंद कर! कार्ड खराब होते!”

“बस खाली!” काकाजी गरजले. “चालू दे.”

तिसरा फोटो नीलेशचा. “गरीब गाय आहे बिचारा. रश्मीचा राग पाह्यला नाही ना अजून!”

रश्मीनं मले असं पाह्यलं, की नीलेशले तो राग तिथंच दिसला. मग आईचा फोटो, अन् परत माझाच आवाज: “साडी नेसली का पडदा गुंडाळला?”

संपलं! आता माझ्या बाजूनं त्या घरात कोणीच नव्हतं. पोरीचं लग्न मोडलं, अन् तेही सख्ख्या भावानं! काकाजी मान खाली घालून थरथरत होते. आता उठून मारतात, मी चष्मा काढून ठेवला.

काकाजी हसून राहिले होते! डोळ्यात पाणी येईपर्यंत. आत्याबाई तेवढ्या गंभीर. म्हणाल्या, “माझं परत लाव. स्वयंपाकघरातल्या भांड्याच्या आवाजात नीट ऐकू नाही आलं.”

लग्न टिकलं बाप्पा. दोन दिवसांनी काकाजीचा फोन, “अरे, सगळे पाव्हणे मागून राहिले, धाड ना लवकर.”

माझी छाती फुगली. “हव काकाजी! फोटो मोठ्या साइजमध्ये धाडू?”

“फोटो कायले? ते तर आम्ही सगळ्यायनं मोबाइलवर काढले होते. तू आवाज धाड.”