डोकं धरणारा

परळच्या जनावरांच्या कॉलेजात शिकून डॉक्टर झालेली पोरं आज कुठे कुठे मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांना विचाराल तर प्रोफेसरांची नावं सांगतील, सुवर्णपदकाची आठवण काढतील. रामदास सावंत कोण होता, हे मात्र दहातल्या एकालाही आठवायचं नाही. मी त्या कॉलेजच्या इस्पितळात कंपाउंडर होतो आणि लालबागला रामदासच्या शेजारच्या खोलीत राहत होतो, म्हणून मला विसरता येत नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

कॉलेजला आमच्या भागात कुणी कॉलेज म्हणत नसे. बैलघोडा म्हणत. गिरगावातल्या टांगेवाल्यांची घोडी, माझगावच्या गोदीत हातगाड्यांमागे फिरणारी कुत्री, दादरच्या तबेल्यांतल्या म्हशी, मलबार हिलवरून मोटारीत बसून येणारे लाडके कुत्रे, सगळी एकाच फाटकातून आत यायची. मोटारीतल्या बायकांना रांगेत म्हशीमागे उभं राहायला लावलं की मला मनातून फार बरं वाटायचं. पांढऱ्या कोटातली पोरं वहीपेन्सिल घेऊन डॉक्टरांमागे हिंडायची, आठवड्यातून एकदा तबेल्यांत जाऊन गुरांना लस टोचून यायची. गवळी त्यांना ताक पाजायचे आणि मागून हसायचे.

रामदासचं काम डोकं धरायचं. ज्या जनावराचं काही होण्यासारखं उरलं नाही त्याला डॉक्टर बाप्टिस्ट शेवटचं इंजेक्शन द्यायचे, आणि तेवढा वेळ जनावराचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं. मालक बाहेर जात. बहुतेकांना बघवत नसे, काहींना घाई असे. आत राहायचा तो रामदास. बसण्याआधी तो मालकाला एकच विचारायचा, "नाव काय ह्याचा?" मग मोती असो, टायगर असो, चंद्री असो, त्या नावानं तो जनावराच्या कानाशी हाक मारत राहायचा. पार शेवटपर्यंत. घरी मारतात तशी हाक, हळू आवाजात. त्याचं म्हणणं एवढंच, की परक्या जागी परक्या माणसांच्या हातात जायचं, तर निदान कानावर आपलं नाव तरी असू दे. ही त्याची पद्धत पुढे सगळ्या वॉर्डबॉयनी उचलली. नाव विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी डोकं धरत नसे.

डॉक्टर बाप्टिस्ट माझगावचे, देवभोळे गृहस्थ. ते म्हणायचे, "रामदास, तू पाद्री व्हायला पाहिजे होतास." रामदास हसायचा. तेव्हा हसायचा तो.

त्याचा एकुलता एक मुलगा राजाराम. घरात आणि चाळीत राजा. नुकताच मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागला होता. उंच, बडबड्या, माझ्या हार्मोनियमची खोडी काढणारा. छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी नव्यानं काय सांगू? त्या दिवशी दुपारी लालबागला गोळीबार झाला. राजा मोर्च्यात होता की नाक्यावर बघायला उभा होता, यावर पुढे चाळीत पुष्कळ वाद झाले. मला त्यात रस नाही. त्याच्या पोटात गोळी लागली आणि पोरांनी त्याला उचलून केईएममध्ये नेलं, एवढं खरं.

केईएम आमच्या इस्पितळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चाळीतला बंडू धावत आमच्याकडे आला. रामदास तेव्हा एका म्हाताऱ्या कुत्र्याचं डोकं धरून बसला होता. सुई आत गेलेली होती. बंडू दारातून ओरडला, "काका, राजाला लागलंय! केईएमला नेलाय!"

डॉक्टर म्हणाले, "रामदास, तू जा. मी दुसऱ्याला बोलावतो."

रामदासनं मान वर केली. लागलंय म्हणजे दगड लागला असेल, लाठी लागली असेल, असंच त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं. तो म्हणाला, "झालाच, सायबानु." आणि पुन्हा कुत्र्याच्या कानाशी वाकला. "जॉनी, जॉनी" म्हणत राहिला. अर्ध्यावर डोकं सोडून उठायचं नाही, हा त्यानंच घातलेला दंडक. कुत्र्याचा श्वास थांबला, त्यानं त्याचे डोळे मिटले, नळावर हात धुतले आणि मग निघाला.

तो पोचला तेव्हा राजा गेला होता. आनंदीबाई, रामदासची बायको, खाटेशी उभी होती.

त्यानंतर रामदास रडला नाही. स्मशानात नाही, तेराव्याला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. कसला धीर! मी भिंतीपलीकडे राहत होतो. त्या माणसाच्या आत काहीतरी बंद पडलं होतं. पहाटे उठायचा, डबा घ्यायचा, ड्युटीवर यायचा, परत जायचा. जेवणात मीठ नसलं तरी जेवायचा. शेजारच्या मुलानं पाय तुडवला तरी त्याला कळायचं नाही. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला थोडे दिवस लागले. तो आता कुठल्याही जनावराचं नाव विचारत नव्हता.

डोकं धरायचा, अगदी पूर्वीसारखंच सांभाळून. पण तोंडानं शब्द नाही. जनावरं बिचकायची, धडपडायची. डॉक्टरांनी एकदा विचारलं तर म्हणाला, "नाव कशाक? जाताच आसा ता." पण मला कारण कळलं होतं. राजा! घोड्यांत चारातला एक राजा असतो, कुत्र्यांत सहातला एक. कधी ना कधी कुणीतरी मालक म्हणणारच, ह्याचं नाव राजा. रामदासनं विचारणंच सोडून दिलं.

घरातही तेच. तो मुलाचं नाव घेत नव्हता. "त्याची पेटी", "त्याचा शर्ट". आनंदीबाई एकदा माझ्या बायकोजवळ बोलून गेली, "वहिनी, माका दुसरा काय नको. एकदा माझ्या झिलाचा नाव घेवंदे ह्यांनी. मी एकटीच त्याची आय आसंय काय?" माझी बायको घरी येऊन रडली. मी तिला म्हटलं, मी काय करू, जाऊन त्याचं तोंड उघडू? रागच यायचा मला. त्याचा, गोळी झाडणाऱ्याचा, सगळ्यांचा.

गंमत अशी की बाकी सगळी लालबाग त्याचं नाव घेत होती. हुतात्मा राजाराम सावंत! चाळीच्या दाराशी तसबीर लागली, हार पडायला लागले. सभेत वक्ता हात वर करून ते नाव घ्यायचा आणि टाळ्या पडायच्या. रामदासला पहिल्या रांगेत बसवत. तो समोर बघत बसायचा. टाळ्या संपल्या की उठून यायचा.

साठ साली मे महिन्याच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र झाला. काय ती रोषणाई! लालबागपासून गिरगावपर्यंत माणसंच माणसं, गुलाल, लेझीम, पेढे. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी चाळीच्या चौकात रामदासचा सत्कार झाला. शाल घातली, श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, माईककडे बघितलं आणि म्हणाला, "बरा आसा." बसला. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. आनंदीबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाची गाडी एक घोडा घेऊन आली. गिरगावच्या रामजी व्हिक्टोरियावाल्याचा. आदल्या दिवशी मिरवणुकीत झेंडूच्या माळा घालून फिरवला होता, माळा अजून गळ्यात होत्या. गर्दीत बिथरला, खूर ट्रामच्या रुळात अडकला आणि पुढचा पाय मोडला. हाड कातडीबाहेर आलं होतं. डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि रामजीकडे बघून मान हलवली. मागे विद्यार्थी पोरं एकमेकांना धरून उभी होती.

रामजी म्हातारा. तो रडत नव्हता, पण त्याचा जबडा हलत होता. म्हणाला, "माझ्या आधीच्या घोडीला इथंच सोडलेली. तुमचा एक माणूस होता, कानात नाव घेत होता. तो आहे का? त्यालाच द्या. माझ्या राजाला तोच पाहिजे."

मी बाटली हातात घेऊन दारात उभा होतो. रामदास भिंतीशी होता. ऐकलं त्यानं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

डॉक्टर हळूच म्हणाले, "रामदास, तू जा. मी दुसऱ्याला बोलावतो."

चार वर्षांपूर्वीचंच वाक्य, शब्दाला शब्द. डॉक्टरांना बहुतेक ते आठवलंही नसेल. रामदास मात्र गेला नाही. घोड्याला ज्या गवतावर आडवा केला होता तिथं जाऊन बसला आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

तोंडातून शब्द नाही. घोडा मान झटकत होता, डोळे फिरवत होता, मोडलेला पाय आपटत होता. डॉक्टरांना शीर मिळेना. दोनदा सुई काढून घ्यावी लागली. बाहेरून रामजी ओरडला, "अरे, नाव घे ना त्याचं! नाव घेतल्याशिवाय तो कुणाचा ऐकत नाय! राजा म्हण त्याला!"

रामदासचे ओठ उघडले आणि मिटले. मला वाटलं आता हा उठणार. मग तो वाकला, घोड्याच्या कानाशी तोंड नेलं. आवाज असा आला की मला तो ओळखूच आला नाही.

"राजा."

घोड्यानं कान फिरवला.

"राजा. राजा रे. बाबा हंयसर आसा. खंय गेलंय नाय मी. हंयसरच आसंय."

घोडा शांत झाला. डॉक्टरांनी शीर धरली. मी इथंच आहे, कुठं गेलो नाही, असं रामदास बोलतच राहिला, माळेतला झेंडू त्याच्या मुठीत चुरगळला होता. हळूहळू मान जड झाली. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली आणि म्हणाले, "गेला, रामदास."

"ठावक आसा," तो म्हणाला. तरी तो हाक मारत राहिला. कुणी त्याला उठवलं नाही. कोपऱ्यात एक विद्यार्थी हुंदके देत होता, त्याला मी बाहेर काढला, कारण मग मलाही आवरलं नसतं.

संध्याकाळी आम्ही बरोबरच घरी चालत आलो. रस्ताभर कालच्या पताका लोंबत होत्या. चाळीत आल्यावर रामदास म्हणाला, "चाय घेवन जा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलावलं, म्हणून गेलो.

आनंदीबाई स्टोव्हशी होती. रामदास कपडे न बदलताच जमिनीवर बसला. शर्टाला घोड्याचा वास येत होता. भिंतीवरच्या राजाच्या तसबिरीकडे पाठ करून बसायची त्याची सवय मी येता-जाता दारातून बघितली होती, आज तोंड करून बसला.

मग विचारलं, "राजान शेवटाक काय म्हटल्यान, गो?"

आनंदीबाईचा हात तसाच राहिला. चहा उतू गेला, कुणी उठलं नाही. चार वर्षं ती हे नाव ऐकायला थांबली होती, आणि चार वर्षं तिच्याजवळ हे उत्तर होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"पाणी मागल्यान," ती म्हणाली. "मगे इचारल्यान, बाबांची डिवटी सुटली काय?"