झाकण उघडायची लाल चावी

आमच्या बोर्लीच्या बाजारात ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, चपलांचं दुकान आणि बांगड्यांचं दुकान यांच्यामध्ये उरलेली जागा. एक काउंटर, एक स्टूल, भिंतीवर सात वेगळ्या वेळा दाखवणारी सात घड्याळं आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले आमचे हे. मोबाइल आल्यापासून घड्याळ दुरुस्तीला फारसं कुणी येत नाही. येतात ते मनगटी घड्याळाचा सेल बदलायला.

आणि ते काम दोन वर्षं मी करत होते. म्हणजे सेल हेच बदलायचे, पण झाकण उघडायची मी. बाजारात कुणाला हे ठाऊक नव्हतं.

झालं असं, की ह्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला. चिमटा धरता येतो, बारीक स्क्रू फिरवता येतो, पण जोर लावून पिळायचं म्हटलं की कळ थेट कोपरापर्यंत. त्यात आमच्याकडे खारी हवा आणि गिऱ्हाइकं होडीवरची, नाहीतर फेरीबोटीवरची. घामानं आणि मिठानं घड्याळाचं मागचं झाकण असं चिकटून बसतं, की विचारू नका. पहिल्यांदा एक झाकण हलेना, तेव्हा हे घड्याळ खिशात घालून घरी आले. घर बाजाराच्या मागंच, दोन मिनिटांवर. ओट्यावर घड्याळ ठेवून म्हणाले, "बघ गं, तुझ्या हातात जोर आहे." आहेच! जन्मभर सुपाऱ्या सोलल्यात, नारळ फोडलेत. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणावर दाबला, घड्याळ गुडघ्यांत धरलं आणि दिला पीळ. उघडलं की!

तेव्हापासून हा रोजचाच उद्योग झाला. गिऱ्हाईक आलं की हे म्हणणार, "अर्ध्या तासानं या." कुणी म्हणालंच, "अवो, आगरदांड्याची बोट गाठायची हाय," तर ह्यांचं ठरलेलं उत्तर, "घाईचं काम माझ्याकडं होत नाही." गिऱ्हाईक वळलं, की ह्यांची स्वारी थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी झाकण उघडणार, हे चहा पिणार आणि घड्याळ कुणाचं, लग्नात मिळालेलं की दुबईहून आलेलं, ते सगळं सांगणार. मला मजा यायची. ह्यांना मात्र लाज वाटायची. एकदा कप खाली ठेवून म्हणाले, "माझा हात गेला हे लोकांना कळलं ना, की दुकान संपलं. मग पनवेलला लेकीच्या गॅलरीत बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत."

"गप्प बसा हो, काहीतरीच," मी म्हटलं. पण चाळीस वर्षं हा माणूस त्या स्टुलावर बसलाय. तिथून उठवलं तर खचेल, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मग लेक दोन दिवसांच्या सुट्टीला आली आणि तिनं मला रंगेहाथ पकडलं. भर दुपारी, गुडघ्यांत घड्याळ, दात-ओठ खाऊन पिळतेय. "आई, हे काय चाललंय?" सांगावंच लागलं. पनवेलला ती कामाला आहे तिथं प्लास्टिकच्या वस्तू छापायचं यंत्र आहे. मी म्हटलं, वस्तू कशा छापतात गं, वस्तू काय लग्नपत्रिका आहे? तर म्हणे, प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर सोडत जायचं, जिलबीवाला कढईत सोडतो तसं. तिनं घड्याळांची मापं घेतली आणि पुढच्या खेपेला चावी घेऊनच आली. दोन सुटे तुकडे: खाली घड्याळ घट्ट बसवायची खाच, वर फिरवायला लाल मूठ आणि मुठीच्या तोंडाशी खिळ्यांची घासलेली तीन टोकं, झाकणाच्या खाचांत बरोबर बसणारी.

"लाल?" हे म्हणाले. "दुकानात बसून खेळणं फिरवू?"

"यंत्रात तेव्हा लाल प्लास्टिकच होतं, बाबा."

खरं सांगते, मला आनंद झाला तसा थोडा रागही आला. दोन वर्षं मी मनगटं मोडून घेतली आणि आता म्हणे चावी!

पण चावी काही चालेना. मूठ गोल, गुळगुळीत. ह्यांचा अंगठा तिच्यावरून घसरायचा. चार घड्याळांतलं एखादं उघडायचं. लेक परत गेल्यावर हे तीन दिवस मुकाट्यानं झटले. चौथ्या दिवशी बाजारातून बोंबील आणले, त्याच पिशवीत चावी टाकली, पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि अंगणात जाऊन बसले. चहालाही नको म्हणाले.

आता चावीला बोंबलांचा वास. आणि मासळीचा वास लागलेली वस्तू उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय मी फळीवर ठेवत नाही; सुरी असो, विळी असो. सासूबाईंनी लावलेली सवय. टोपात पाणी उकळत होतं, दिली मूठ सोडून. नशीब, खिळ्यांचं तोंड काठाला टेकून वरच राहिलं. विळी घासून वळून बघते तर मूठ मऊ पडून वाकलेली, शिजलेल्या वांग्यासारखी.

"अगं बाई!" मी ओरडले. चिमट्यानं काढून नळाखाली धरतेय तोवर हे आत आले.

"उकळलीस? चावी उकळलीस?"

"वास येत होता!"

"अगं, ते काय बोंबील आहे? तुला नकोच होती ती, पहिल्या दिवसापासून!" असं म्हणून माझ्या हातून चावी हिसकावली आणि रागानं अशी आवळली, की बोटांच्या फटींतून लाल प्लास्टिक वर आलं. तीच मूठ नाचवत मला ऐकवत राहिले. मी काही ऐकून घेणारी नाही, पण "तुला नकोच होती" हे लागलं, कारण थोडं खरं होतं. मी रडायलाच लागले. लेकीनं जीव लावून केलेली वस्तू, ह्यांचं दुकान टिकायची एवढी एक आशा, आणि मी ती शिजवून ठेवली.

मला रडताना बघून ह्यांनी हात खाली घेतला. पंजा उघडला. चावी गार होऊन कडक झाली होती आणि तिच्यावर ह्यांच्या पंजाचा ठसा उमटला होता. प्रत्येक बोटाला खळगा, अंगठ्याला तर ऐसपैस जागा. ह्यांनी ती पुन्हा धरली. सोडली. पुन्हा धरली. मग पिशवीतून खाचेचा तुकडा काढला, खिशातलं घड्याळ त्यात बसवलं आणि अख्ख्या पंजानं पीळ दिला. कट्!

"उघडलं," हे म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणी उघडलं होतं.

"परत लावा, परत लावा!" पाच वेळा लावलं, पाच वेळा उघडलं. लेकीला फोन केला तर हसून हसून तिला बोलता येईना. "आठ दिवस मापं जुळवत बसले मी, आणि तू उकळून मोकळी?"

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी गिऱ्हाइकासमोर झाकण उघडायला सुरुवात केली. "अर्ध्या तासानं या" बंद. बोटीची घाई असलेल्यालाही "थांबा, आत्ता देतो." पनवेलच्या गॅलरीचं नावही निघेना. मी देवापुढे साखर ठेवली.

पण दुपारचे साडेतीन झाले की माझे कान दाराकडे. घड्याळ येत नव्हतं, ते कुणाचं तेही कळत नव्हतं, आणि चहा मी एकटीच पीत होते. ट्यूबचा तुकडा खिडकीत वाळत पडलेला. मला काही करमेना. बोलणार कुणाला? ह्यांचा हात परत आला म्हणून मी तोंड पाडून बसलेय, असं सांगायचं का?

पंधरा दिवसांनी एका दुपारी दार वाजलं. हे आत आले, खिशातून घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. "हे काही उघडत नाही बाई. बघ, तुला जमतंय का."

मी घड्याळ उलटं केलं. त्या झाकणाला आटेच नव्हते. नुसतं दाबून बसवलेलं, कडेला खाच असलेलं झाकण. नखानं टचकन उघडेल असं. दोन वर्षांत एवढं मलाही कळायला लागलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, तेही गेल्या महिन्याचं.

मी खिडकीतला ट्यूबचा तुकडा घेतला, घड्याळ गुडघ्यांत धरलं आणि दात-ओठ खाल्ले. "आई गं! कसलं घट्ट बसलंय हो!"

"तरी म्हटलं," हे म्हणाले आणि पाट ओढून बसले. "चहा टाक. कुणाचं आहे ते सांगतो."