रिकाम्या पिंजऱ्याची शिकवणी

नेरच्या कापूस बाजारात माझ्या घरमालकांइतक्या निर्मळ मनाने शिव्या देणारा माणूस पुन्हा झाला नाही आणि होणारही नाही. ते अडते होते. गाड्या लागल्या की त्यांचा आवाज मोटर स्टँडपर्यंत जाई, आणि त्यात भाव कमी अन् माणसांचा उद्धार जास्त असे. शिवी खाणारा हसत हसत त्यांच्याकडेच चहाला थांबे. आरतीच्या वेळी कापूर पेटेना, की "पेट ना लेका!" हे ते काडीला म्हणतात की गणपतीला, हे मला कधी कळलं नाही. घरात मात्र त्यांचं काम एका शब्दात भागे. बायकोला ते 'बैताड' म्हणत, म्हणजे वेडी. "बैताड, पानी आन." "बैताड, जेवून घे, उशीर झाला." मायेने म्हणत, पण म्हणत बैताडच. मी तिथे शाळामास्तर होतो, त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि बाईंना वहिनी म्हणत होतो.

लेक लग्न होऊन मारेगावला गेली, घर सुनं झालं आणि मालकांच्या डोक्यात पोपट शिरला. केळापूरकडचा एक गाडीवान पिल्लू आणून देणार होता. झालं! टिनवाल्याकडून पिंजरा आला, झोपाळा कुरकुरतो म्हणून परत गेला, पुन्हा आला. मांजरीला पोत्यात घालून ते वेशीबाहेर सोडून आले. ती त्यांच्याआधी घरी पोचली. हरभऱ्याची डाळ रोज भिजत पडू लागली आणि पोपट नसल्यामुळे ती मला खावी लागली.

एके दिवशी वहिनी खाली बघत म्हणाल्या, "पोपट आना जी. पन तो आयकते तेच बोलते. पावन्यायसमोर त्यानं मले बैताड म्हटलं, तर मी लेकीकडं जाऊन राहीन." आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मालक घाबरले.

संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. "मास्तर, पोपटानं हिले काय म्हनाव?"

"नावाने हाक मारू दे."

"शिकवन कोन? बायकोचं नाव मी कसं घेऊ? लग्नात उखान्यात घेतलं, तेवढंच." मग आशेने, "तुमी शिकवता?"

वयाने थोरल्या वहिनींचं नाव मी घ्यायचं? माझेच कान तापले. मालक टोपीशी चाळा करू लागले. "माह्या बैलाले नाव हाय, मास्तर. पाखऱ्या. दिवसातून धा डाव घेतो. अन् हिले इतक्या वर्षांत... लाज वाटून राह्यली." एवढा धिप्पाड माणूस, पण त्याच्याकडे बघवेना.

पुढे एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आलो, तर मालक ओसरीवर पिंजऱ्यासमोर मान खाली घालून उभे, नवरदेवासारखे घामाघूम. "सु..." खाकरले. सगळा बाजार डोक्यावर घेणारा आवाज पार बसला होता. "सुभद्रा." मग किंचित मोठ्याने, "सुभद्रा."

मागे फिरायला हवं होतं. पण एक पाय उंबऱ्यात अडकला आणि शरमेने तो हलेना.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "काय जी?" वहिनींनी ओ दिली.

मालकांनी घाईघाईने खांद्यावरचं उपरणं पिंजऱ्यावर टाकलं. "तुले नाई! पोपटाले शिकवून राह्यलो."

पिठाच्या हातांनी वहिनी दारात आल्या. त्यांनी उपरण्याखालचा रिकामा पिंजरा पाहिला, नवऱ्याचं लाल झालेलं तोंड पाहिलं, आणि तिथेच खाली बसल्या. "मंग आनखीन एक डाव म्हना," त्या म्हणाल्या. "त्याले आयकू आलं नसन."

मी चपला हातात घेऊन हळूच बाहेर पडलो आणि दिवेलागणीपर्यंत इकडेतिकडे भटकलो.

पोपट पुढे आला, पुष्कळ मिरच्या खाऊन गेला, आणि जन्मात एक अक्षर बोलला नाही. वहिनींना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.