गाडीत चाललेलं घर

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. नव्या चष्म्याने अक्षर पुन्हा ओळीवर राहू लागलं आहे, म्हणून तुमच्या पत्राला आता सावकाश उत्तर देते. तुम्ही विचारलंत, पणजोबा फौजदार होते तर त्यांनी कधी गोळी झाडली का? नाही झाडली. पण एकदा त्यांनी एका माणसाचं घर जप्त केलं होतं. निवृत्त झाल्यावरही त्या तपासाची गोष्ट निघाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, बोलता बोलता थांबत. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. नावं मात्र कोणाचीच लिहीत नाही. अण्णाही घेत नसत.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. अण्णांचं ठाणं प्रकाशा गावाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या दोन टोकांना दोन लहान आरागिरण्या होत्या. जंगलखात्याचा लिलाव झाला की सरकारी हातोड्याचा ठसा मारलेले सागाचे ओंडके गाड्यांतून येत आणि महिना-दोन महिने करवत दिवसभर चाले. दुपारी त्या आवाजात मला झोप लागे. वाटे, लांब कुठेतरी कुणीतरी एकच सूर धरून बसलं आहे आणि ते थांबलं की आपल्याला जाग येईल. माल संपला की आवाज खरंच थांबे, आणि पुढच्या लिलावापर्यंत सुतार नुसते बसून राहत. युद्ध लागलं तसा चांगला साग सरकारने उचलला. लहान गिरण्यांकडे आधी वाकडंतिकडं लाकूड आलं, मग तेही येईना. नांगराला लाकूड मिळेना, दाराला चौकट मिळेना.

अशात एका हिवाळ्यात ओढ्यापलीकडची गिरणी अचानक सुरू झाली. सकाळच्या धुक्यातून तो जुना सूर पुन्हा यायला लागला.

खबर दुसऱ्या गिरणीच्या मालकाने दिली. ठाण्याच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "साहेब, मन्ही करवतले जंग चढना. त्यानी रोज चाली ऱ्हायनी. त्याले काय सपनमा लाकूड भेटस का?"

अण्णा जाऊन पाहून आले. आवारात सागाच्या खांबांची रास होती आणि प्रत्येक खांबाला तुळईसाठी पाडलेली खाच होती. तिथला मालक शांत होता. "जुनं लाकूड शे, साहेब. डोंगरमातली मोडेल घरं इकत लेस मी. त्याले पास लागस नही."

अण्णांचं इंग्रजी बेताचं होतं. जंगलाचे नियम त्यांनी मला वाचायला दिले. मालक खरं बोलत होता. डोंगरातल्या कुटुंबाला स्वतःच्या घरासाठी खांब तोडायला मुभा होती, आणि घर मोडल्यावर त्या जुन्या लाकडाला वाहतुकीचा पास लागत नव्हता. अण्णांनी पुस्तक मिटलं. "झाड ताजं असणार आणि खाच खोटी. पण आणणारा हाती लागला पाहिजे."

तिसऱ्या दिवशी तो लागला, असं वाटलं. गिरणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जंगलखात्याच्या नाकेदाराने एक बैलगाडी अडवली. गाडीत आठ खांब आणि एक डोंगरातला म्हातारा. पंचनामा झाला, खांब मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या अंगणात आडवे पडले. म्हाताऱ्याची बोली आमच्या कुणालाच नीट येत नव्हती. तो मोडक्या अहिराणीत बोलत होता.

"कोनले इकाले लई जाई ऱ्हायना?" ठाण्याच्या जमादारांनी विचारलं.

"इकाले नही. घर शे."

"घर गाडामा बसीसन कोठे जाई ऱ्हायनं रे, बाबा? लगीनले का?"

शिपाई हसले. म्हातारा हसला नाही. म्हणाला, "जठे मन्ही बायको शे, तठे."

अण्णांनी तेही जबाबात लिहून घेतलं आणि त्याला कोठडीत घातलं. खांब काळे होते, पण नाकेदार म्हणाला, धूर देऊन काळे केले असतील. गुन्हा शाबीत झाला तर म्हातारा तुरुंगात जाणार आणि खांब सरकारजमा होणार.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली आणि रस्त्यापलीकडे बसून राहिली. तिच्याकडून हळूहळू कळलं ते असं. जुन्या जागी एका वर्षात त्यांची दोन नातवंडं गेली होती. जागा चांगली नाही, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. त्यांच्यात अशा वेळी घर सोडत नाहीत. घर उचलून नेतात. सून तान्ह्या बाळाला घेऊन नव्या जागी मोहाच्या झाडाखाली थांबली होती, उघड्यावर, त्या थंडीत.

मी तिला पाणी द्यायला निघाले तेव्हा पदर एका खांबाला घासला आणि काळा झाला. झटकायला वाकले, तर हाताला खांबावर एक जागा लागली. गुडघ्याइतक्या उंचीवर, काचेसारखी गुळगुळीत. दुसऱ्या खांबावरही तशीच. मी म्हातारीला खुणेने विचारलं. तिने दोन्ही हातांनी हवेत काहीतरी धरलं आणि डुलत उभी राहिली.

"पोऱ्या हुभ्या ऱ्हावाले शिकतस तठे," ती म्हणाली.

मी अण्णांना बोलावलं. त्यांनी आठही खांबांवरून हात फिरवला, मग टोपी घातली. हिवाळी फेरीवर ते मला बरोबर नेत, तसं त्या दिवशीही नेलं. मालकाने जिथून घरं घेतली म्हणून सांगितलं होतं, त्या पाड्यावर आम्ही पोचलो तेव्हा धुकं पुरतं विरलं नव्हतं. जंगलातल्या मोकळ्या जागेत अकरा घरं ओळीने उभी होती. कुत्रं भुंकलं नाही. कोंबडी नाही, राख नाही, कुठल्याच छपरातून धूर नाही. आत गेलं की नुसता ताज्या सागाचा वास, आणि कुडाच्या फटींतून जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या रेघा. मला वाटलं, मोठ्याने बोललं तर सगळी घरं नाहीशी होतील. अण्णांनी खांबावर पांढरा रुमाल घासला. तो पांढराच राहिला.

मागे एक मजूर दोर सोडत होता. अण्णांनी विचारलं, "इथे कोण राहतं?"

"कोनीच नही, साहेब. आम्ही घर बांधतस, मंग मोडतस. शेठ मजुरी देस."

घरं नावापुरती उभी करून मोडायची, म्हणजे ताजं लाकूड जुनं ठरे. गिरणीच्या मालकावर खटला झाला. म्हातारा त्याच संध्याकाळी सुटला, पण मुद्देमाल सोडायला कोर्टाचा हुकूम लागतो. तो येईपर्यंत अण्णांनी आपली फेरीवरची राहुटी मोहाच्या झाडाखाली पाठवली. बाळ तगलं. हुकूम आला त्या दिवशी जमादार स्वतः खांब गाडीत चढवू लागले, तर म्हाताऱ्याने सगळे उतरवायला लावले. "बुंधा म्होरे," तो म्हणाला. जमादारांनी एकेक खांब बुंध्याची बाजू पुढे करून पुन्हा चढवला.

अण्णा म्हणत, "खबर खरी होती, गुन्हाही खरा होता. म्हणून पहिला सापडला तो माणूसही खरा गुन्हेगार, असं मी धरून चाललो. त्याने पहिल्याच वाक्यात सत्य सांगितलं आणि आम्ही हसलो. एका माणसाचं घर मी अकरा दिवस अंगणात आडवं ठेवलं."

गेल्या माघात मी तिकडे जाऊन आले. दोन्ही गिरण्या राहिलेल्या नाहीत. ठाणंही दुसरीकडे गेलं. ते घर मधल्या काळात आणखी दोनदा हललं. आठ खांबांपैकी सहा अजून उभे आहेत.