आत्याच्या टेबलावर आलेली रायफल

माझी आत्या सैन्यात बंदुका दुरुस्त करायची. आबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे तिचा हात तयार झाला होता. सैन्याला कारागीर हवेत असं कळलं आणि तिने परस्पर अर्ज ठोकला. घरात आकाशपाताळ एक झालं.

"यात पुढे काय?" आबांनी विचारलं.

"आधी कारागीर, मग वर्कशॉपची प्रमुख, मग शिकवायची नोकरी. निवृत्तीनंतर पोलिसांच्या शस्त्रागारात घेतात. बंदुका काही बिघडायच्या थांबत नाहीत, आबा."

"माणसंही मरायची थांबत नाहीत," आबा म्हणाले. पण तिची ट्रंक त्यांनीच बांधून दिली.

प्रशिक्षण संपल्यावर तिला डोंगरावरच्या एका ठाण्यात पाठवलं. वर्कशॉप म्हणजे अर्धी जमिनीत गेलेली, पत्र्याच्या छपराची खोली. लांबलचक टेबल, कानशी, तेलाचे डबे. जोडीला एक वयस्कर फिटर होता, त्याला सगळे चष्मा म्हणत. आत्याला जवान मिस्तरीणबाई म्हणायचे.

हल्ला झाला तो भरदुपारी, जेवणाच्या वेळेला. पहिला तोफगोळा स्वयंपाकघरावर पडला, दुसरा वर्कशॉपवर. छपराचा पत्रा फाटून आला आणि चष्म्याची मान चिरून गेला. आत्याने नळ्या पुसायच्या चिंध्या जखमेवर दाबल्या. त्या भिजल्या, दुसऱ्या घेतल्या, त्याही भिजल्या. त्याचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तिच्या मांडीवरच तो गेला.

तेवढ्यात तटावरची मशीनगन गप्प झाली. ती चालवणारा पैलवान बोंबलत होता, "मिस्तरीणबाई! अडकली! लवकर या!"

हत्यारांची पिशवी घेऊन आत्या सरपटत गेली. पैलवानाचा जोडीदार गोळ्यांच्या पट्ट्यावर पालथा पडला होता. त्याला बाजूला ढकलावं लागलं. झाडलेल्या गोळीची एक पुंगळी फाटून अर्धी आत रुतली होती. गोळ्या वाळूच्या पोत्यांत घुसत होत्या, डोळ्यांत वाळू उडत होती. नळी तापून लाल झाली होती. धरताना तळहाताचं कातडं नळीला चिकटून राहिलं. पण पुंगळी निघाली.

"जिंकलंत!" पैलवान हसला, आणि एक गोळी त्याचा जबडा फोडून गेली. तो तिच्या अंगावरच कोसळला.

मग आत्याने चाप धरला. तोवर तिने गोळी झाडली होती ती फक्त दुरुस्ती तपासायला, लाकडी फळीवर. चढावरून माणसं पळत वर येत होती. पहिला वाकला तेव्हा तिला वाटलं, ठेचकाळला असेल. मग बाकीचेही तसेच वाकत गेले.

पट्टा संपला. त्याच क्षणी एक जण पोत्यांवरून आत उडी मारून आला. त्याने दस्त्याला निळी वायर गुंडाळलेली रायफल तिच्या छातीला लावली आणि चाप ओढला. नुसतं टिक् झालं. त्याने खाली रायफलकडे पाहिलं, आणि आत्याने हातोडी त्याच्या कानशिलावर घातली. तो पडला तरी ती घालतच राहिली. कुणीतरी मागून तिचं मनगट पकडलं.

"सोडा, बाई. मेला तो."

ठाणं वाचलं. पुढच्या आठवड्यात शत्रूची पडलेली हत्यारं तपासायला तिच्याच टेबलावर आली. निळ्या वायरची ती रायफल तिने लगेच ओळखली. उघडून पाहिली. गोळीवर आपटणाऱ्या आतल्या पिनचं टोक तुटलेलं होतं, आणि तुटल्या जागी गंज चढला होता. त्या माणसाला बंद पडलेली रायफल देऊन डोंगर चढायला लावलं होतं. त्याला पत्ताही नव्हता.

हे तिने सुट्टीत आबांना सांगितलं. "दहा मिनिटांचं काम होतं. तिकडच्या एखाद्या कारागिराने उघडून बघितलं असतं, तर मी आज नसते."

"मग बरंच झालं की, पोरी."

"हो," आत्या म्हणाली, आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

पण रायफल तिने दुरुस्त केली होती. नियमच तसा होता. नवी पिन घालताना हात जरासुद्धा थरथरले नाहीत. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

पैलवान जगला, जबड्यात तारा घालून. तोफगोळ्याच्या आवाजाने आत्याचा डावा कान गेला तो गेलाच. तिला वर्कशॉपची प्रमुख केलं, पुढे शिकवायला प्रशिक्षण केंद्रावर नेलं. म्हणाली होती तसंच झालं सगळं.

केंद्रावर एकदा एका जवानाने गंमत म्हणून रायफल मित्राच्या छातीला लावली आणि तोंडाने "ठो" केलं. आत्याने त्याला अशी थोबाडीत मारली की तो बाकावर आपटला. दात पडला, टेबलावर रक्त सांडलं.

"रिकामी होती, बाई!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"माहीत आहे. मीच तपासली होती."

चौकशी झाली. साहेबांनी सगळ्या वर्गासमोर तिला माफी मागायला लावली. तिने मागितली, अगदी मनापासून. त्या वर्षीची बढती हुकली ती हुकलीच. पण माफीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तक्रार न करता वर्गावर हजर झाली होती.