आत्याचा उघडा हात

माझ्या आत्याला ऐकू येत नाही. आमच्या बस डेपोतले लोक हे कुजबुजत सांगतात. बहिऱ्या माणसाबद्दल कुजबुजणाऱ्यांच्या अकलेची मला कमाल वाटते.

पंचवीस वर्षं ती इथे मेकॅनिक आहे. आली होती बसगाड्या धुवायला. गाडीखाली शिरलेल्या मिस्त्र्यांना पाने देता देता कोणता पाना कधी लागणार हे तिला त्यांच्या आधी कळायला लागलं, आणि एक दिवस तीच गाडीखाली शिरली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं आणि बस चालवायलाही तिनेच शिकवलं. तिचे कान गेले ते शेडमधल्या इंजिनांच्या धडधडीने, म्हणजे डेपोनेच घेतले. आणि त्याच डेपोने आता तिच्या हातात कागद ठेवला होता: ऐकू येत नसल्याने आपणास बिघाड ओळखता येणार नाही, तरी सोमवारपासून स्टोअरमध्ये बसावे.

"मी काय झिजलेलं टायर आहे, कोपऱ्यात टेकवून ठेवायला?" ती म्हणाली. त्यानंतर दोन दिवस तिने घरात एकही भांडं हळू ठेवलं नाही. तिला आवाज येत नाही, मला येतो.

तिला समोरच्याचे ओठ वाचता येतात. मिशीवाल्यांचे तेवढे येत नाहीत. आमच्या हेड मिस्त्रींच्या मिशा पार खालच्या ओठापर्यंत उतरलेल्या, त्यामुळे गेल्या चार वर्षांत त्यांचं एकही वाक्य तिला कळलेलं नाही. "फारसं काही अडलं नाही," असं तिचं मत आहे.

शुक्रवारी सकाळी अशी थंडी पडली की काचेवरचं गोठलेलं दव खरवडून काढावं लागलं. माझी सात नंबरची बस सुरू होईना. चावी फिरवली की कट-कट-कट, मग एक आळशी कण्हणं, पुन्हा कट-कट. हॉस्पिटलच्या सकाळच्या पाळीची माणसं फाटकाशी पाय आपटत उभी होती.

"बॅटरी!" हेड मिस्त्री लांबूनच म्हणाले.

या हिवाळ्यात त्यांनी सात नंबरची बॅटरी दोनदा बदलली होती. बदलेपर्यंत ऊन वर यायचं, गाडी सुरू व्हायची आणि मिस्त्री मिशीला पीळ द्यायचे. पुढच्या थंड सकाळी पुन्हा कट-कट. मीटर लावून बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, कारण उतरलेल्या बॅटरीचा आवाज ओळखीचा होता. आता तिसरी बॅटरी हातगाडीवरून आली, तर आत्या बसपुढे आडवी उभी राहिली.

"बॅटरी नाही बदलायची."

डेपोचे साहेब मफलर सावरत बाहेर आले. त्यांना मिशी नाही. "बाई, तुम्हाला आवाजच येत नाही. मग कशावरून म्हणताय?"

"त्या आवाजानेच तुम्हाला दोनदा फसवलं. मला फसवायला तो माझ्यापर्यंत पोचतो कुठे? दहा मिनिटं द्या. नाही जमलं तर सोमवार कशाला, आत्ताच जाऊन बसते स्टोअरमध्ये."

कान शाबूत होते तेव्हाही ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

तिने उजवा हातमोजा काढला. लोखंड इतकं गार होतं की बोट टेकलं तरी चटका बसावा. "मूठ दाखवली की चावी फिरव, पंजा दाखवला की सोड," असं मला सांगून ती गाडीखाली गेली. खिडकीतून वाकून पाहिलं तर तिचा डावा हात तेवढा बाहेर. मूठ. पंजा. मूठ. पंजा. तिसऱ्यांदा चावी सोडल्यावर तिने उघड्या हाताने एकेक जोड चाचपला. बॅटरीचे दोन्ही जोड गार. स्टार्टरची केबल गार. इंजिनाला सांगाड्याशी जोडणाऱ्या पट्टीच्या बोल्टवर हात गेला आणि ती ओरडली, "सापडला!"

तिने साहेबांना गुडघ्यावर बसवलं आणि त्यांचाही हातमोजा काढायला लावला. "सगळी गाडी बर्फ, मग हा एकच बोल्ट गरम कसा?"

साहेबांनी बोल्टला बोट लावून पाहिलं.

"करंट गेला तसा परतही यावा लागतो. तो इथून परततो. खाली गंज धरलाय, म्हणून अडतो, आणि अडला की तापतो. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला करंट जास्त लागतो, तेवढा इथून निघत नाही. उन्हात कमी लागतो, निभावून जातं. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या बिचाऱ्या निर्दोष होत्या."

बोल्ट काढला, गंज घासला, पुन्हा आवळला. मी चावी फिरवली आणि पहिल्या झटक्यात इंजिन धडधडलं. आत्याने पत्र्यावर तळवा टेकवला आणि मान डोलावली. मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. पंचवीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईने दहा मिनिटं मागून घ्यायची?

माणसं बसमध्ये चढली. साहेब माझ्या खिडकीखाली आत्यासमोर उभे राहून म्हणाले, "बरं, सध्या राहा इथेच. पुढचं पुढे बघू."

आत्या त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. बिनमिशीच्या माणसाचे ओठ ती आवाराच्या दुसऱ्या टोकावरून वाचते.

"मधलं कळलं, साहेब. ते 'सध्या' आणि 'पुढचं पुढे' काही ऐकू आलं नाही. परत सांगा."

साहेबांनी बसच्या खिडक्यांकडे पाहिलं. प्रत्येक खिडकीत एक चेहरा होता. हेड मिस्त्री हातगाडीवरच्या बॅटरीशी उभे होते.

"राहा इथेच," साहेब पुटपुटले.

"मोठ्याने," आत्या म्हणाली. "मला कळलं. यांना ऐकू जाऊ दे."